बावन्न नंबरची बॅटरी

१० मार्च
जोगेश्वरी

दादा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. याआधी तुला पत्र लिहिलं तेव्हा मी सहावीत होते आणि तुझ्याकडे कैऱ्या मागितल्या होत्या. आज कैऱ्या नकोत. कामाचं आहे, शेवटपर्यंत वाच.

शिमग्याला गेलास तो तिकडेच राहिलास. वहिनीला विचारलं तर ती म्हणते, "आंब्याचां काम आसा म्हणतत." आपली कलमं सात. त्यांना एवढे दिवस लागत नाहीत हे मलाही कळतं. तू माझ्यावर रागावला आहेस. माझं बॅटरी बदलायचं स्टेशन बंद होणार ही नोटीस तू जायच्या आठवडाभर आधी लागली, आणि ती बॅटरीवरची टॅक्सी तू माझ्या शब्दावर घेतली होतीस, त्यामुळे राग समजू शकते. पण रागाच्या भरात तारीख चुकवू नकोस.

काल कंपनीने शेवटच्या अटी कळवल्या. ३१ मार्चला संध्याकाळी सहा वाजता ज्याच्या गाडीत जी बॅटरी असेल, ती नव्वद हजारांत त्याची. नको असेल तर बॅटरी काढून द्यायची आणि रिकामी गाडी घेऊन जायची. रिकाम्या गाडीचं करणार काय, अंगणात ठेवून तुळस लावणार? बॅटरी घेतली तर गाडीला सॉकेट आहेच, घरी किंवा बाहेर कुठेही चार्ज करता येईल. जास्तीचा वेळ जाईल, पण धंदा चालू राहील.

मुख्य गोष्ट पुढे आहे. चांगली बॅटरी असो की घासलेली, भाव एकच. कंपनी एकेक तपासत बसणार नाही, त्यांना मोकळं व्हायचं आहे. तुझ्या गाडीत बावन्न नंबर आहे, अजून पंच्याण्णव टक्के ताकदीची. तशी नवी घ्यायला गेलास तर चार लाख. एवढं सगळं बिनसूनही तू फायद्यात आहेस. फक्त तुझी सही लागेल. ये, नाहीतर वहिनीच्या नावाने अधिकारपत्र पाठव.

आणि एक सांगते. आपल्या गावच्या मंडळाच्या सभेत मी जे बोलले ते खोटं नव्हतं. बॅटरीशिवाय गाडी चार लाखांनी स्वस्त पडली की नाही? स्टेशनवर यायचं, गाडी खाचेवर उभी करायची, खालून यंत्र रिकामी बॅटरी काढतं आणि भरलेली चढवतं, साडेचार मिनिटांत बाहेर. एका स्वॅपचे तीनशे ऐंशी रुपये. चांगल्या बॅटरीवर एकशे सत्तर किलोमीटर जातात, म्हणजे किलोमीटरला सव्वादोन रुपये, सीएनजीपेक्षा रुपयाने कमी. गावच्या सात जणांनी त्या रुपयासाठी गाड्या घेतल्या.

कंपनीच्या बाजूने हिशोब एवढाच होता की रॅकमधल्या चौदा बॅटऱ्या सतत फिरत्या राहायला हव्यात. भरलेली बॅटरी नुसती पडून राहिली की कंपनीचे चार लाख झोपा काढतात. दिवसाला ऐंशी स्वॅप झाले तर स्टेशन तगतं. गेल्या जूनमध्ये नव्वद होत होते, या जानेवारीत पंचावन्न. गिऱ्हाईक टिकलं नाही. कंपनीने जाहिरात केली नाही, मे महिन्यात बॅटऱ्या तापून निघाल्या होत्या. माझ्या हातात काय होतं?

तारीख विसरू नकोस.

श्रुतिका


१६ मार्च

दादा,

पत्र पोचलं हे वहिनीकडून कळलं. तू ते वाचून घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलंस आणि बागेत गेलास म्हणे. मला तुझा स्वभाव माहीत आहे. लहानपणी मी तुझं कंपासपेटीतलं कर्कटक मोडलं तेव्हा तू पंधरा दिवस बोलला नव्हतास, आणि तेही मी नाही मोडलं असं खोटं सांगितलं म्हणून.

तर मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. तू बावन्न नंबर ऐकून काय समजलास ते मला ठाऊक नाही, पण तुला कायम चांगली बॅटरी मिळायची तो योगायोग नव्हता.

यंत्राचा नियम साधा आहे: जी बॅटरी आधी भरली ती आधी जाणार. गाडी कोणाची, हे यंत्राला कळत नाही. पण माझ्या स्क्रीनवर 'तपासणी' असं एक बटण आहे. बॅटरी जास्त तापली तर ते दाबायचं, मग ती चार तास रांगेच्या बाहेर राहते. चार तास कोणी काही विचारत नाही.

गेल्या जुलैमध्ये तू घोडबंदर रोडवर अडकलास आठवतं? विमानतळाचं गिऱ्हाईक, दोन मोठ्या बॅगा, आणि बॅटरी ठाण्याच्या अलीकडेच संपली. त्याचं विमान चुकलं, त्याने तुला एक स्टार दिला आणि शिव्या दिल्या त्या वेगळ्या. तुला अठ्ठ्याहत्तर टक्केवाली बॅटरी लागली होती. माझ्याच स्टेशनवरून, माझ्या डोळ्यांसमोर. तू मला एका शब्दाने बोलला नाहीस, आणि तेच मला लागलं. दुसऱ्या दिवशी तू यायच्या वेळेला मी एक त्र्याण्णववाली तपासणीत टाकून ठेवली आणि तू खाचेवर आल्यावर सोडली.

नंतर एक दिवस सातांतला दादू माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या लक्षात आलं होतं. म्हणाला, "सुबोधाची भैण तू, मगे आमची कोण?" त्याच्या आईने मला अंगाखांद्यावर खेळवलंय. दादूला सोय केली, मग त्याच्या चुलत्याला, मग सातही जणांना. कोण किती वाजता येतो मला पाठ झालं.

तू लगेच तोंड वाकडं करू नकोस. बाबांनी मिलमध्ये असताना गावच्या अकरा जणांना चिकटवलं. गावात अजून त्यांचं नाव निघतं ते त्यासाठीच. त्या अकरा जागांसाठी गेटवर आणखी कोण उभं होतं हे आपल्या घरात कधी कोणी विचारलं नाही. मी काय वेगळं केलं? कोणाच्या खिशात हात घातला नाही, चहासुद्धा घेतला नाही कोणाकडून. आपल्या माणसांचं बघितलं.

लिहून झाल्यावर परत वाचलं. मला अजूनही ते फार चुकीचं वाटत नाही. पण मागच्या वेळी तुझ्यापासून लपवलं ते चुकलं.

सहीचं बघ.

श्रुतिका


२१ मार्च

दादा,

काल प्रज्योत आला होता. वेसाव्याचा, चष्मा लावतो, घरच्या होडीतला वाटा विकून त्याने आपल्यासारखीच गाडी घेतली. तू त्याला चांगलाच ओळखतोस हे मला काल कळलं.

मला वाटलं भांडायला आला. स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "मॅडम, मी राडा करायला नाय आलो. फक्त बघा." त्याच्या मोबाइलमध्ये चार महिन्यांचे फोटो होते. प्रत्येक स्वॅपनंतर गाडीच्या स्क्रीनवर बॅटरीचा नंबर आणि टक्के येतात, त्याचे. चौऱ्याहत्तर टक्के, सत्त्याहत्तर, पंच्याहत्तर, ऐंशी, परत चौऱ्याहत्तर. चार महिन्यांत नव्वदच्या वरची त्याला एकदाही लागली नाही. तेवढ्याच तीनशे ऐंशीत त्याला एकशे पंचवीस किलोमीटर मिळत होते. तेवढ्यात सीएनजीवरही भागतं. "मग मी होडी कशाला विकली?" एवढंच विचारलं त्याने, तेही आवाज न चढवता.

मी यंत्राच्या नियमाबद्दल बोलायला लागले. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हेच तुमच्या भावाला सांगितलं होतं. त्याने कानाखाली वाजवली."

मग त्याने सगळं सांगितलं. चोवीस फेब्रुवारी, स्टेशनबाहेरची चहाची टपरी. तो तुला म्हणाला की तुझी बहीण बॅटऱ्या दाबून ठेवते. तू म्हणालास, माझी बहीण असलं करणार नाही. तो म्हणाला, करते. आणि तू चार ड्रायव्हरांसमोर त्याला मारलंस, चष्मा फुटला त्याचा. त्यानंतर तू माझ्याकडे स्वॅपला आलास, मी नेहमीसारखी एक चांगली, बावन्न नंबर, सोडली, आणि तू काचेतून माझा हात बघत होतास. तेव्हा मी तुला हसून हातही केला. तीन दिवसांनी तू गावी गेलास.

म्हणजे मी दहा-अकरा दिवस चुकीच्या रागाला उत्तरं देत बसले होते. तुला गाडीचं काही पडलेलं नाही. माझ्यासाठी तू एका खरं बोलणाऱ्या माणसाला मारलंस, आणि वर मी तुला लिहिलं की तू फायद्यात आहेस. मला फार लाज वाटली, दादा. काल दिवसभर वाटत होती, आताही वाटते आहे.

तो गेल्यावर मी जे आठ महिने टाळलं ते केलं. कागद घेऊन बसले. एक बॅटरी भरायला अडीच तास. चौदाच्या चौदा फिरत्या असतील तर तासाला साडेपाच गाड्या सुटतात. तुम्हा सातांसाठी मी कोणत्याही वेळी पाच बाजूला ठेवत होते. उरल्या नऊ. नवांवर तासाला साडेतीन. म्हणून सकाळी आठ वाजता रांग लागायची, म्हणून लोक चाळीस मिनिटं हॉर्न मारत उभे राहायचे, म्हणून ते हळूहळू मॉलमधल्या चार्जरवर जायला लागले. शिवाय त्या नऊ बॅटऱ्यांवर सगळा भार पडला, त्या आणखी लवकर घासल्या. शेहेचाळीस गाड्या होत्या, एकतीस उरल्या. जाहिरात, ऊन, गिऱ्हाईक, मी मागे लिहिलेलं सगळं पुसून टाक. स्टेशन माझ्या बोटाने बंद पडलं.

आमचे एरिया मॅनेजर यज्ञेश, त्यांना फोन करून सांगितलं. वाटलं निदान ओरडतील. ते म्हणाले, "मॅडम, दहा दिवसांत शटर पडतंय, आता फाइल कशाला उघडता? मलाही उत्तरं द्यावी लागतील." आणि एकतीस तारखेला रॅक मोजून ताब्यात द्या म्हणाले.

प्रज्योतच्या गाडीत सध्या चौऱ्याहत्तर टक्केवाली आहे. नव्वद हजार देऊन तीच त्याच्या गळ्यात पडणार.

श्रुतिका


२५ मार्च

दादा,

तू उत्तर देणार नाहीस हे धरून चालते आणि सरळ मुद्द्यावर येते.

अजून सहा दिवस स्टेशन चालू आहे आणि बटण माझ्याकडे आहे. एकतीस तारखेला पहाटे तुम्ही सातही जणांनी आपापल्या चांगल्या बॅटऱ्या रॅकमधल्या रिकाम्या कप्प्यांत जमा करायच्या. त्या भरायला लागतील. दहा वाजल्यापासून बाकीच्या चोवीस गाड्या येतील आणि नियमाने ज्याला जी येईल ती तो घेईल. तुम्ही सात जण सगळ्यांत शेवटी. तपासणीत एकही नाही. कोणाला काय मिळेल ते मला माहीत नाही, आणि ते तसंच असायला हवं.

यात तुझं काय जाईल तेही लिहिते, नाहीतर परत लपवलं असं होईल. बावन्न नंबर जाईल. शेवटी आल्यामुळे घासलेलीच मिळण्याची शक्यता जास्त. दर चार्जला चाळीस-पन्नास किलोमीटर कमी, पुढची सगळी वर्षं. चूक माझी आणि भुर्दंड तुला, हे मला दिसतंय. माझ्याजवळ दुसरा उपाय असता तर तो लिहिला असता.

मी सहाही जणांना फोन केले. दोघं तयार झाले. तिघं म्हणाले वेडी झालीस काय. दादूने विचारलं, "सुबोध काय म्हणता?" मी म्हटलं तो काहीच म्हणत नाही. मग तो म्हणाला, "मगे मी पण काय म्हणत नाय." मंडळाचा सेक्रेटरी तू आहेस. ते तुझं ऐकतील, माझं ऐकून त्यांची एकदा वाट लागली आहे.

तू नाही आलास तरी अधिकारपत्र पाठवलंस की बावन्न नंबर तुझीच राहील. गाडी कांदिवलीला उभी आहे, चावी तुझ्याकडे आहे, आणि तुझ्या परवानगीशिवाय मी तिला हात लावणार नाही. आधी जे केलं ते तुला न विचारता केलं. आता विचारते आहे.

श्रुतिका


१ एप्रिल

दादा,

तू काल दुपारीच निघालास. संध्याकाळी शटर ओढल्यावर मी खूप वेळ टपरीवर बसले होते आणि घरी उशिरा आले, म्हणून आज लिहिते आहे. जे बोलायचं होतं ते तिथे सगळ्यांच्या देखत बोलता आलं नाही.

पावणेसहाला गेट उघडलं तेव्हा तुझी गाडी सगळ्यांत पुढे होती आणि मागे दादूसकट बाकीच्या सहा. तू त्यांना कसं तयार केलंस कोण जाणे. दादू उतरताना पुटपुटत होता, "सेक्रेटरी बदलूक होयो." पण आला. तू माझ्याकडे न बघता गाडी खाचेवर घेतलीस. यंत्राने बावन्न नंबर काढून रॅकमध्ये सरकवली आणि तुझ्या गाडीच्या पोटात काहीच उरलं नाही. मग तुम्ही ती ढकलत बाहेर रस्त्याच्या कडेला नेली. सात वाजेपर्यंत सातही रिकाम्या गाड्या ओळीने उभ्या राहिल्या आणि तुम्ही घाम पुसत फुटपाथवर बसलात. येणारेजाणारे विचारत होते काय झालं म्हणून.

प्रज्योत नवाला आला. तू उठून त्याच्याकडे गेलास. तुम्ही काय बोललात ते काचेतून ऐकू आलं नाही. तू खिशातून पैसे काढलेस, बहुतेक चष्म्याचे, आणि त्याने ते घेतले. न घेण्याचं नाटक केलं नाही त्याने, ते मला बरं वाटलं. नंतर दोघं वेगवेगळ्या दिशांना जाऊन उभे राहिलात.

दहा ते एक स्टेशन असं चाललं की मी स्वतः कधी चाललेलं बघितलं नव्हतं. रॅकमधल्या चौदा आणि तुमच्या सात, सगळ्याच्या सगळ्या फिरत होत्या. गाडी आली, चढली, गेली. कोणीही सहा मिनिटांपेक्षा जास्त थांबलं नाही. एक ड्रायव्हर जाताना म्हणाला, "आज काय झकास चाललंय, बंद कशाला करताय?" मी मान हलवली. हे गेल्या जुलैपासून असंच चाललं असतं तर आज शटरला कुलूप लागलं नसतं. प्रज्योतला अठ्ठ्याऐंशीवाली मिळाली. त्याने स्क्रीनचा फोटो काढला, सवयीने, आणि निघून गेला. तुझी बावन्न नंबर साकीनाक्याच्या एका माणसाला गेली, त्याचं नावही मला माहीत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दोन वाजता तुम्ही सात उरलात. सहा जणांचं झालं. तुझी गाडी परत ढकलत खाचेवर आणली. स्क्रीनवर पहिली होती तेहेतीस नंबर, शहात्तर टक्के. तिच्या मागे एक्केचाळीस नंबर, एक्क्याण्णव टक्के, नुकतीच भरलेली. आणि रांगेत तुझ्यामागे कोणीच नव्हतं.

मी विचार केला नाही, दादा. तेहेतीसला तपासणीत टाकलं की तुला एक्क्याण्णव. कोणाचं काही गेलं नसतं, ती रॅकमध्येच राहून कंपनीकडे जाणार होती. पण हे सगळं मी आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा यातलं काहीही डोक्यात आलं नव्हतं. तू समोर होतास आणि माझं बोट आपोआप बटणावर गेलं.

तू काच खाली केलीस. महिनाभरात माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य: "श्रुते, हात काढ थंयसून."

मी हात काढला. तेहेतीस चढली. तू सही केलीस, नव्वद हजारांची पावती घेतलीस आणि निघालास. हायवेपर्यंत मला तुझी गाडी दिसत होती.

वहिनीचा मघाशी फोन आला. तू आजपासून गाडी रस्त्यावर काढलीस आणि पहिली फेरी मुलुंडची होती, असं ती म्हणाली. मला घरी यायला सध्या नको असं तू सांगितलंस, तेही म्हणाली. तिला सांगताना वाईट वाटत होतं, मीच तिला समजावलं.

मी येणार नाही. तू बोलावशील तेव्हा येईन. बोलावण्याआधी तुला एवढं माहीत असावं: इतकं सगळं होऊनही, सगळं कबूल करूनही, तुझी गाडी समोर आली तेव्हा माझा हात परत त्याच बटणावर गेला होता. आणि तू सांगितल्यावर मी तो काढला.

तुझी
श्रुते